बायकांचा आजार आणि मामाचं रक्त

परळीच्या जनावरांच्या दवाखान्यात रफिकभाई नावाचा माणूस होता. गाई-म्हशींना वळूशिवाय गाभण करणं हे त्याचं काम. पहिल्या भेटीत त्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं, कोपऱ्यातल्या ॲल्युमिनियमच्या डब्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "हा रिकामाच पडलाय, न्या. पण जपून, अक्का. शेजारच्या डब्यात जर्सी हायत, त्यांना धक्का लावू नका."

जर्सी म्हणजे जर्सी वळूंच्या वीर्याच्या कांड्या. त्या उणे दोनशेच्या आसपासच्या थंडीत, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवलेल्या असतात. मी त्यांना धक्का न लावता डबा दोन्ही हातांनी उचलला. स्तनांच्या कर्करोगावरच्या माझ्या संशोधनाची सुरुवात अशी झाली. पुढे परिषदांमध्ये माझ्या भाषणात "नमुने तत्काळ द्रव नायट्रोजनमध्ये गोठवण्यात आले" एवढंच वाक्य पडद्यावर यायचं. ते खोटं नव्हतं. फक्त त्यात रफिकभाई नव्हता.

हा धंदा काय आहे ते आधी सांगते, कारण आमच्या घरातही तो कुणाला नीटसा कळलेला नाही. मी दिंद्रुडच्या भुसार दुकानदाराची मुलगी. पुण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा आई पाहुण्यांना सांगायची, "डॉक्टर झालीय. पण औषध देत न्हाई. नुसतं बघती." मला त्या वेळी राग यायचा. आता वाटतं, रेण्वीय जीवशास्त्राची इतकी नेमकी व्याख्या कुठल्या प्राध्यापकाने केलेली नाही. तरी सुट्टीत गावी गेले की लोक गुडघ्याचे एक्स-रे घेऊन यायचे आणि मी ते उजेडाकडे धरून गंभीर चेहरा करायची. उलटं धरलंय, असं एकदा पेशंटनेच सांगितलं.

तर मी काय बघते? एखादं लग्नघर डोळ्यांसमोर आणा. मांडवामागे मुख्य आचारी बसलेला आहे. सगळ्या पाककृती त्याच्या डोक्यात आहेत आणि तो जागचा हलत नाही. हा डीएनए. तो हुकूम सोडतो, एवढी बुंदी पाडा, तेवढा भात टाका. ते हुकूम चुलीपर्यंत नेणारे निरोपे म्हणजे आरएनए. बरीच वर्षं आमच्या शास्त्राची समजूत होती की गोष्ट एवढीच आहे. मग लक्षात आलं, आचारी आणि चूल यांच्या मध्ये कुणीतरी उभं आहे. प्रत्येक लग्नघरात असते ती आत्या. ती स्वतः काही रांधत नाही, पत्रिकेत तिचं नाव बारीक अक्षरात असतं, पण निरोप्याला वाटेत अडवून ती "पुरे आता बुंदी" म्हणते आणि बुंदी थांबते. ही आत्या म्हणजे मायक्रोआरएनए. इतका चिमुकला तुकडा की आम्ही लोकांनी कित्येक वर्षं तो कचरा समजून वाहून जाऊ दिला.

आता ही आत्या आजारी पडली, किंवा तिचं कुणी ऐकेनासं झालं, तर काय होईल? बुंदी पडतच राहील. मांडवात, ओसरीवर, रस्त्यावर. पेशींच्या बाबतीत हे झालं की त्याला गाठ म्हणतात. गाठीतल्या कोणकोणत्या आत्या गप्प झालेल्या असतात, हे मला शोधायचं होतं. कावून, म्हणजे कशापायी, असं मला आमच्या चुलत्यांनी विचारलं होतं, आणि खरं उत्तर असं की मला राहवत नव्हतं. दाराआड काही चाललेलं असलं की डोकावून बघायची खोड मला लहानपणापासून आहे. सरकार त्याबद्दल पगार द्यायला तयार झालं हे माझं नशीब.

अडचण एकच. आरएनए खव्यापेक्षा नाशवंत. आपल्या घामात, थुंकीत, बोटांच्या टोकांवर त्याला खाऊन टाकणारे पदार्थ असतात. गाठ कापून बाहेर आली की ती लगोलग गोठवावी लागते, नाहीतर आत्या, निरोपे, सगळा मांडव विरघळून जातो. आमच्याकडचे सगळे नमुने मोठ्या शहरांतल्या बायकांचे होते. एका बैठकीत मी उत्साहाने म्हणून गेले, "मी आमच्या बीडकडचे आणते." सगळ्यांनी माना डोलावल्या. थंडी कुठून आणणार, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

देश तेव्हा खुला झालेला होता. आमच्या सरांच्या उमेदीत परदेशातून मागवलेलं रसायन कस्टमच्या गोदामात उकाड्यात पडून मरायचं. माझ्या काळात तेच कोरड्या बर्फात गुंडाळून पुण्यात घरपोच येऊ लागलं. परळीच्या बाजारात चायनाचे टॉर्च आले होते, पानटपरीवर मोबाइलचं रिचार्ज मिळत होतं. पण पुण्याहून परळीपर्यंत थंडी आणायची सोय कुठल्याच कंपनीने केलेली नव्हती. वाळत घातलेल्या लुगड्यावर राख पडावी इतक्या जवळ थर्मलच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या, चिमण्या, आणि त्यांच्याच सावलीत भारनियमन. त्या भागात खात्रीची थंडी मिळत होती ती फक्त वळूंना. म्हणून रफिकभाई.

एसटीच्या कंडक्टरने तो डबा लगेच ओळखला. "कोणती जात हाय, बाई?" असं त्याने तिकीट फाडता फाडता विचारलं. मी कर्करोग, गाठ, आरएनए असं सुरू करणार होते, पण मागे रांग होती. "जर्सी," म्हणाले. पुण्यापर्यंत त्याने डब्याला स्वतःच्या सीटशेजारी जागा दिली.

परळीतल्या एका दवाखान्यातले शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर मला मदत करायला तयार झाले होते. त्यांच्याकडेच मला गंगाबाई भेटल्या. वैजनाथाच्या देवळाच्या वाटेवर त्यांचं बेल, विभूती, नारळांचं दुकान. यजमान लवकर गेलेले. दुकान आणि रेखा नावाची एकुलती लेक दोन्ही त्यांनीच सांभाळलं. रेखा नव्याने निघालेल्या इंग्लिश शाळेत बालवाडीची बाई होती.

आम्ही लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असतं, ते छातीवर रुळतं. गंगाबाईंना आजार कळला तो त्या डबीमुळे.

"तिरकी बसाया लागली, अक्का," त्या मला सांगत होत्या. "एका अंगाला उचललेली. मला वाटलं कडी वाकडी झाली. सोनाराकडं गेले, त्यानं बदलून दिली. तरी तिरकीच. परत गेले, परत बदलली."

"मग?"

"मग त्याची बायको आतून बाहेर आली. मला मागल्या खोलीत नेलं आन् म्हणली, गंगाबाई, कडीचं न्हाई हे."

शस्त्रक्रियेच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, अंगावर काही राहायला नको. गंगाबाई म्हणाल्या, लिंग काढलं की मीच उरत न्हाई, मग कापा कुणाला कापायचं ते. डॉक्टर माझ्याकडे वळले, "तुमच्यातलंच आहे ना, तुम्ही समजवा." मोठा प्रसंग. माझं स्वतःचं लिंग पुण्याला कपाटात, लॉकरच्या किल्ल्यांशेजारी होतं. गंगाबाईंनी माझ्या रिकाम्या गळ्याकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. शेवटी चांदीची डबी रेखाकडे दिली आणि आतलं लिंग निर्जंतुक फडक्यात बांधून त्यांच्या मुठीत ठेवलं. भूल दिल्यावरही ती मूठ उघडली नाही, असं सिस्टर म्हणाल्या.

त्याआधी मी त्यांची परवानगी घ्यायला बसले होते. गाठीतला एवढासा तुकडा मला लागेल, त्याचा तुम्हाला काही फायदा होणार नाही, पुढे कधी तरी कुणाला होईल, असं सगळं मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुकडा न्या," त्या म्हणाल्या. "आमची माय ह्यानंच गेली. मावशीबी. मला बी लागलं. एक तेवढं सांगा. हे रेखात उतरलंय का?"

रेखाचं लग्न ठरलं होतं, तिच्या मामाच्याच मुलाशी. साखरपुडा झालेला. विश्वनाथअप्पा हे गंगाबाईंचे थोरले भाऊ, बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान. त्यांचा महेश आणि रेखा लहानपणापासून एकमेकांचे. पण गंगाबाईंच्या गाठीचं कळलं आणि मामी म्हणू लागल्या, जरा थांबू. आईचं लेकीत उतरतं म्हणतात. उद्या नातीला झालं तर? वाईट बाई नव्हती. घाबरली होती, आणि भीतीला तिने 'थांबू' असं सभ्य नाव दिलं होतं.

आता गंमत बघा. गंगाबाईंचा प्रश्न साधा होता आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. माझं काम त्यांच्या गाठीत कुठली आत्या गप्प आहे ते सांगू शकत होतं. मूळ आचाऱ्याच्या पाककृतीतच आजीपासून एक चूक उतरत आली आहे का, हे वेगळं काम. ते आमच्या प्रयोगशाळेत शेजारच्या खोलीतले माझे सहकारी करत. इतकी वर्षं मी त्या खोलीत फक्त साखर मागायला जात होते. आता गंगाबाईंचं आणि रेखाचं रक्त घेऊन गेले.

ते म्हणाले, आधी घरातली माणसं काढ. आमच्या शास्त्रात कुटुंबाचा नकाशा काढायची पद्धत आहे. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, आजारी असेल तो काळा. परदेशी पुस्तकांत हे झाडासारखं दिसतं, वर एक जोडपं आणि खाली फांद्या फुटत गेलेल्या. मी गंगाबाईंच्या घराचा नकाशा काढला आणि तो झाड व्हायला तयार होईना. रेखाच्या गोलापासून नवऱ्याच्या चौकोनाकडे रेघ काढली, तर तो चौकोन मामाचा मुलगा निघाला. त्याच्यावरून मामाकडे, मामावरून आजीकडे, आजीवरून गंगाबाईंकडे, आणि परत रेखाकडे. आमच्याकडचा वंशवृक्ष म्हणजे बाजेची वीण आहे. कुठलीही दोरी ओढा, दुसऱ्या टोकाला ताण बसतो.

सहकाऱ्यांनी मामाच्या चौकोनावर पेन ठेवलं. तो पांढरा होता. "ह्याचं रक्त कुठाय?"

आजीची चूक गंगाबाईंना मिळाली असेल, तर ती त्यांच्या भावालाही मिळालेली असण्याची तेवढीच शक्यता होती, निम्मी. पुरुषाला त्या चुकीचा त्रास सहसा होत नाही, क्वचित होतो. पण ती पुढे द्यायला त्याला कुणी अडवलेलं नसतं. सगळं घर रेखाकडे बोट दाखवून बसलं होतं, आणि ज्या घरात ती नांदायला जाणार होती, तेही त्याच आजीचं होतं.

मी विश्वनाथअप्पांच्या दुकानात गेले. पीव्हीसीच्या पायपांमध्ये मला स्टूल दिलं. अप्पांचा आवाज मोठा, टोपी पांढरीशुभ्र. गिऱ्हाइकांची वर्दळ होती.

"अप्पा, तुमचं थोडं रक्त हवं होतं."

"घ्या की. कुणाला द्यायचंय?"

"द्यायचं नाही, तपासायचंय. गंगाबाईंच्या आजारासाठी."

अप्पांनी आधी माझ्याकडे, मग स्वतःच्या छातीकडे पाहिलं. "अक्का, हा बायकांचा आजार हाय."

"आजार बायकांना होतो. पण तुमच्या आईकडनं आला असेल, तर आईचं अर्धं तुमच्यातही आहे."

"आईचं माझ्यात नाक हाय. तेवढंच हाय."

"नाक बापाचं हाय तुमचं, अप्पा," मोटारीचा व्हॉल्व्ह उलटसुलट करून पाहणारं गिऱ्हाईक म्हणालं.

"तू व्हॉल बघ बे."

मामी चहा घेऊन आतून आल्या. घर दुकानाला लागूनच. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "पोरीचं तपासा म्हणलं आपण," त्या म्हणाल्या, "तर ह्यांचं कावून?"

मी पुन्हा आजीपासून सांगितलं. शक्य तितक्या हळू आवाजात.

"म्हंजे ह्यांच्याकडनंबी उतरतंय?"

"उतरू शकतं. असेलच असं नाही."

"महेशात?"

"महेशमध्ये. आणि शोभामध्ये."

शोभा ही त्यांची धाकटी, कॉलेजात शिकणारी. आत रेडिओ चालू होता, तो तिचाच असणार. मामींनी कपाची किनार पदराने पुसली, ती कोरडीच होती. अप्पा म्हणाले, "चहा निवला," आणि गिऱ्हाइकाकडे वळले. मी उठले. मोठ्या शहाणपणाने मी एका दुकानात जाऊन एका घराची झोप घालवली होती, आणि चहाही प्यायले नव्हते.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. मोबाइल नवीन असल्यामुळे अप्पा परळीहून पुण्याला ऐकू जाईल अशा बेताने बोलत.

"कुठं द्यायचं ते?"

"दवाखान्यात या. दहा मिनिटांचं काम."

"तिथं फाटकासमोर आमच्या साडूची टपरी हाय. बायकांच्या वॉर्डात विश्वनाथअप्पा दिसला की संध्याकाळपतुर थर्मलला कळतंय." मग थोडं थांबून, "ते जनावराच्या दवाखान्यात चाललं का? तुमचं येणंजाणं हाय म्हणं तिथं."

रफिकभाईला विचारलं. तो म्हणाला, "अक्का, माझ्याकडं कुणाला बी मनाई न्हाई. चार पायांचा पाहिजे असं कुठं लिव्हलंय?"

अप्पा आले ते एक म्हैस घेऊन. शेजाऱ्याकडून मागून आणलेली. कुणी विचारलं तर सांगायला.

"म्हशीला काय झालं, अप्पा?" रफिकभाईने विचारलं.

"तिला काय धाड भरलीय. ती सोबतीला हाय."

म्हशीला बाहेर लोखंडी खोड्यात उभं केलं. आतल्या बाकावर अप्पा बाही वर करून बसले. दवाखान्यातून बोलावलेल्या सिस्टर सुई काढत होत्या. रफिकभाई दारात राखणीला. "सिस्टर नसत्या तर मीच घेतलं असतं," तो म्हणाला. "पण माझी सुई बघून बैल मागं सरतोय." तेवढ्यात एक ओळखीचा शेतकरी आपला बैल घेऊन आला आणि दारातूनच विचारू लागला, "अप्पा, म्हैस घेतली का?"

"बघतोय अजून," अप्पा आतून म्हणाले. सिस्टरांनी नळी बदलली.

"दूध किती देती?"

"इचारून सांगतो."

रफिकभाई त्या माणसाला बैलासकट पलीकडे घेऊन गेला. अप्पांनी दंडावरचा बोळा दाबून धरला होता. ते खिडकीतून म्हशीकडे बघत होते.

"माझ्यात निघालं, तर मला काय होतंय?"

"तुम्हाला बहुतेक काही नाही."

"मग बरं हाय की."

"तुमच्यापुरतं बरं आहे."

"शोभा आमच्या मायसारखी दिसती," ते म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज लहान झाला. "हुबेहूब. चालणंसुद्धा."

"दिसण्याचा ह्याच्याशी संबंध नसतो, अप्पा. खरंच नसतो. आणि तिच्यात असलं तरी आजार झाला असं नाही. माहीत असलं की तपासत राहता येतं. गंगाबाईंसारखं डबी तिरकी व्हायची वाट बघावी लागत नाही."

त्यांनी मान हलवली. मग टोपी नीट केली आणि म्हैस घेऊन आल्या वाटेने गेले.

उत्तर यायला महिने गेले. एकदा निघालेलं दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तपासून घ्यावं लागतं. गंगाबाईंचे केस गेले आणि परत उगवू लागले. मामींचं त्यांच्याकडे येणं कमी झालं. महेश मला फोन करायचा. "अक्का, काय बी निघू द्या, मला रेखाशीच करायचंय." मी म्हणायची, हे तू मला नाही, तिला सांग. तो म्हणायचा, "तिला सांगलंय. ती म्हणती, आधी कळू दे." मधल्या काळात माझं स्वतःचं काम पार पडलं. गंगाबाईंच्या तुकड्यातल्या गप्प झालेल्या आत्या सापडल्या, लेख छापून आला, मला त्याचा आनंद झाला, अजूनही आहे. गंगाबाईंना मी तो दाखवला. त्यांनी पानं उलटली आणि विचारलं, "ह्यात रेखाचं हाय का?" नव्हतं.

मग एके दिवशी सहकाऱ्यांनी मला आत बोलावलं, आणि मी त्याच रात्रीची परळीची गाडी धरली.

आमच्या प्रयोगशाळेत नियम आहे. ज्याचं उत्तर त्यालाच, एकट्याला, दार लावून. पुढे कुणाला सांगायचं ते त्याचं त्याने ठरवावं. हा नियम ज्यांनी केला ते बहुधा बाजेवर झोपलेले नसावेत. मी गंगाबाईंच्या घरी पोचले तेव्हा बाहेरच्या खोलीत सगळे बसलेले. गंगाबाई, रेखा, अप्पा, मामी, महेश, शोभा.

"वेगवेगळं कावून?" मामी म्हणाल्या. "आमी काय वेगवेगळे हाव का?"

मी हट्ट सोडला नाही. मागच्या खोलीत दुकानाचा माल ठेवलेला. मी नारळाच्या पोत्यावर बसले आणि आधी रेखाला बोलावलं.

"आईमध्ये जी चूक आहे, ती तुझ्यात नाही."

ती उभीच होती. "न्हाई म्हंजे न्हाईच, का अजून काय तपासायचं राहिलंय?"

"नाहीच. बाकी बायकांना असतो तेवढा धोका तुलाही आहे. जास्तीचा नाही."

रेखाने वेणी पुढे घेतली, सोडली, परत घातली. बालवाडीतल्या मुलींच्या वेण्या घालायचा हात होता तो, चटचट चालला. मग ती बाहेर गेली. बाहेरून मामींचा आवाज आला, "बाई गं," आणि स्टीलच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज. साखर वाटायला सुरुवात झाली होती.

अप्पा आत आले. मी सांगितलं.

ते शेजारच्या पोत्यावर बसले. "गंगीत हाय तीच?"

"तीच."

"बाहेर साखर वाटायलेत."

"हो."

"मी न्हाई म्हणलं तर तुमी सांगणार न्हाई."

"नाही. तुमचं तुम्हीच."

"चांगला नियम हाय." नारळाच्या एका शेंडीला त्यांनी बोटांनी पीळ दिला, सोडला, परत दिला. "आन् शोभाला कोण सांगतंय?"

त्याचं उत्तर त्यांनाच माहीत होतं. इतकी वर्षं मी दाराआड काय चाललंय ते बघत आले, पण त्या खोलीत मला पहिल्यांदा वाटलं की मान वळवावी.

अप्पा उठले. मी त्यांच्या मागे बाहेर आले. मामी ताटलीत साखर घेऊन गंगाबाईंसमोर उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, "आता तिथी काढू. आमची काय हरकत न्हाई आता."

अप्पांनी टोपी काढून हातात घेतली. आमच्याकडे सोयरिकीच्या बोलण्यात टोपी काढतो तो मुलीचा बाप.

"हरकत आता तू घ्यायची, गंगे," ते म्हणाले. "तुझी पोरगी मोकळी हाय. आमच्यात हाय ते. माझ्यात. महेशचं अजून बघितलं न्हाई. पोरगी देशील तर घेतो. पण बघून दे."

मामींच्या हातातली ताटली कलली आणि साखर जमिनीवर सांडली. कुणी ती भरायला वाकलं नाही. महेश भिंतीकडे बघत होता. गंगाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. केस अजून बोटभरच आले होते. त्या भावाकडे वळल्या आणि मुलाकडची माणसं पोहे खाऊन झाल्यावर ज्या सुरात म्हणतात त्याच सुरात म्हणाल्या, "बघू, दादा. घरात इचारून कळवतो."

आधी अप्पाच हसले. मग महेश. मामी हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही, त्या खाली बसून साखर गोळा करत होत्या.

रेखा मात्र हसली नाही. "मामा," ती म्हणाली, "माझं नंतर बघू. आधी शोभाचं बघा."

शोभा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तळहातावरची साखर तिने अजून तोंडात टाकली नव्हती. तिने बापाकडे पाहिलं.

अप्पांनी टोपी घातली. "दवाखाना किती वाजंपतुर उघडा असतो, अक्का?"

"पाचपर्यंत."

"फाटकातून जायचं ना?"

"फाटकातूनच."

"शोभे," ते म्हणाले, "चपला घाल."